परदेशाची बॅग आणि एक जुना प्रश्न

इसवी सन १७८१. इंग्लंडातल्या बीकन्सफील्ड गावी एडमंड बर्क या नामवंत खासदाराच्या बागेत एक काचघर होते, थंडीत नाजूक झाडे जगावीत म्हणून बांधलेले. त्या काचघरात त्या वर्षी झाडांऐवजी एक मराठी ब्राह्मण आपले सोवळे सांभाळत होता आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत होता. त्याचे नाव हनुमंतराव. पेशवाईच्या भांडणात इंग्रजांची मदत मिळावी म्हणून राघोबादादांनी त्याला वकील करून विलायतेला पाठवले होते. बरोबर मणियार नावाचे एक पारशी गृहस्थही होते. परक्या मुलखात या पाहुण्यांची आबाळ होते आहे हे पाहून बर्कने त्यांना आपल्याकडे नेले आणि त्यांच्या रीतीप्रमाणे राहता यावे म्हणून काचघर त्यांच्या स्वाधीन केले.

मी शाळेत इतिहास शिकवला. आमच्या पाठ्यपुस्तकात राघोबादादा आले की 'ध'चा 'मा' यायचा, आणि तास संपायचा. हनुमंतराव कुठेच नसत. पण मला नेहमी वाटे की राघोबादादांपेक्षा या माणसाची गोष्ट मुलांना जास्त आवडली असती. कारण मदत काही मिळाली नाहीच, पण परत आल्यावर खरी परीक्षा पुढे होती. फ्रान्सिस विल्फर्ड या त्या काळच्या लेखकाने लिहून ठेवले आहे की समुद्र ओलांडल्यामुळे राघोबांचे वकील अशुद्ध ठरले आणि त्यांच्या शुद्धीसाठी सोन्याची योनी घडवून तिच्यातून त्यांना बाहेर काढण्याचा विधी झाला. म्हणजे पुन्हा जन्मच घ्यायचा! गेलेला माणूस तो नव्हेच, हा नवा, असे मानून त्याला जातीत घ्यायचे.

हे सगळे आज आठवायचे कारण असे की येत्या सुटीत आम्ही दोघे आणि आमची आक्का, असे तिघे युरोपला निघालो आहोत. आक्काच्या मुलाने, म्हणजे आमच्या भाच्याने, सगळे जमवून आणले आहे. घरात याद्या चालू आहेत. पुतण्या, सुना रोज फोनवर हसतात, "काकू, सगळं मिळतं हो तिकडे, कशाला एवढं ओझं?" मिळते हे मलाही ठाऊक आहे. पण याद्या करताना माझ्या असे ध्यानात आले की परदेशाची तयारी ही आपल्याकडे कधी नुसती कपडे-खाऊ भरण्याची गोष्ट नव्हतीच. निघणाऱ्याला प्रत्येक काळात कोणीतरी अडवून एकच प्रश्न विचारला आहे : परत येशील ना? आणि त्याच्या पोटात दुसरा : आहेस तसाच येशील ना? विचारणारे बदलले, कधी जात, कधी संस्थान, कधी घर, कधी सरकार. आपली बॅग म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर असते, असे मला वाटते. कसे ते सांगते.

शास्त्रापासून सुरुवात करू. बौधायनाच्या धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कर्मांची यादी आहे, तिच्यात समुद्रप्रवास पहिला आहे. गंमत म्हणजे त्याच सूत्रात समुद्रावर जाणे ही उत्तरेकडच्या लोकांची रीत असल्याचेही सांगितले आहे. म्हणजे लोक जात होतेच! पुढे समुद्रयान कलिवर्ज्यात गेले. मग कोणी गेलाच तर त्याला प्रायश्चित्त, पंचगव्य आणि जातीचे जेवण. समुद्राच्या पाण्याने माणूस बाटतो असे म्हणत असले तरी खरी भीती पाण्याची नव्हती. बोटीवर कोणाच्या हातचे खाल्ले, कोणाच्या पंक्तीला बसला, याची होती. म्हणून हनुमंतरावांच्या तयारीत सगळ्यात मोठी गोष्ट स्वतःचा स्वयंपाक ही होती. तो बर्कच्या काचघरात रांधत होता, पण पोट भरणे एवढाच त्यामागचा हेतू नव्हता. 'मी आहे तसाच परत येईन' ही ग्वाही तो घरच्या लोकांना हजारो मैलांवरून देत होता.

त्यानंतर अर्ध्या शतकाने रंगो बापूजी गुप्ते निघाले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केले, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले. ते परतले १८५३ मध्ये. चौदा वर्षे! मध्ये १८४७ साली महाराज काशीत वारले, १८४८ साली सातारचे राज्यच खालसा झाले, तरी हा माणूस लंडनमध्ये खेटे घालत राहिला. चौदा वर्षांत अंगावरचे कपडे सोडाच, ज्याच्यासाठी गेला तो धनी आणि ज्याच्याकडे परतायचे ते राज्य, दोन्ही उरले नाही. 'परत येशील ना' या प्रश्नाचे असेही एक उत्तर असते, की मी येईन, पण तुम्ही असाल का?

१८६९ साली सुएझचा कालवा झाला आणि मुंबईहून विलायत एकदम जवळ आली. आफ्रिकेला वळसा घालण्याचे महिने वाचले, प्रवास काही आठवड्यांवर आला. रस्ता सोपा झाला की अडवणारे जागे होतात. त्यामुळे परवानगीचा खरा गोंधळ दिसतो तो यानंतरच्या काळात.

२४ फेब्रुवारी १८८३ या दिवशी बंगालमधल्या श्रीरामपूर इथे आनंदीबाई जोशी सभेपुढे उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जात आहोत हे त्यांनी इंग्रजीतून सांगितले. वय अठराही पुरे नव्हते. विचार करा, आज आपण जाण्याआधी विमा काढतो, नोटा बदलून घेतो. या मुलीला जाण्याआधी भाषण करावे लागले! त्यात तिने स्पष्ट सांगितले की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन इथे राहीन. बघा, प्रश्न विचारण्याआधीच उत्तर. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून बोटीत बसली, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. तिथल्या थंडीत नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून पुढे ती गुजराती पद्धतीने साडी नेसू लागली. आणि एवढ्या बदलाचाही खुलासा तिला इकडे नवऱ्याला पत्राने करावा लागला. १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली, त्याच वर्षअखेरीस परत आली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. तिने शब्द पाळला. हिंदू म्हणून गेली, हिंदू म्हणून परतली. तब्येत मात्र थंडीने आणि क्षयाने घेतली. तिच्या लुगड्याची काळजी करणारे पुष्कळ होते, उबदार कपड्यांची काळजी कोणी किती केली कोण जाणे.

पाच वर्षांनी, ४ सप्टेंबर १८८८ रोजी, मुंबई बंदरातून मोहनदास गांधी निघाले. त्यांच्या आत्मकथेतली ही प्रकरणे तयारीच्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा, फार मौजेची आहेत. आईने मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही अशी प्रतिज्ञा घ्यायला लावली. मुंबईत मोढ वाणी जातीची सभा भरली. मुखियाने या मुलाला जातीबाहेर टाकले आणि फर्मावले की जो कोणी याला मदत करील किंवा धक्क्यावर पोचवायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड. मेहुण्याकडे ठेवलेले तिकिटाचे पैसेसुद्धा जातीच्या भीतीने मिळेनात, दुसऱ्याकडून उसने घ्यावे लागले. मग कपडे. टाय आवडेना, आखूड कोटाची लाज वाटे. बोटीवर काट्या-चमच्याने खाणे जमेना, म्हणून बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर बरेच दिवस काढले. उतरताना घालायला म्हणून पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट जपून ठेवला होता. सप्टेंबरअखेर साउदॅम्प्टनला उतरले तर असे पांढरे कपडे घातलेले तेवढे एकटेच! सामान आणि किल्ल्या एजंटाकडे गेलेल्या, दुसरा दिवस रविवार, त्यामुळे सोमवारपर्यंत कपडे बदलायची सोय नाही.

सूटकेस उशिरा आली म्हणून तळमळणाऱ्या आजच्या प्रवाशांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी!

आणि १८९१ साली ते बॅरिस्टर होऊन आले, तेव्हा भावाने त्यांना आधी आमच्या नाशिकला आणले. गोदावरीत स्नान घातले, मग राजकोटला नेऊन जातीचे जेवण घातले. हनुमंतरावांच्या सोन्यावरून आपण शंभर वर्षांत रामकुंडाच्या पाण्यावर आलो. प्रायश्चित्त स्वस्त होत गेले, म्हणजेच प्रश्न सैल होत गेला.

पण त्याच मुंबई बंदरातून दुसरेही प्रवासी निघत असत, ज्यांच्यावर समुद्राची बंदी कधीच नव्हती. ते हज यात्रेकरू. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात त्यांच्यासाठी मुसाफिरखाने होते. देशभरातून लोक येऊन तिथे बोटीची वाट पाहत. बोटीच्या डेकवर जागा, म्हणून अंथरूण, भांडी, शिधा असे सगळे बरोबर. तांबड्या समुद्रात कामरान बेटावर क्वारंटाइन. आणि पुष्कळांच्या गाठोड्यात एक कोरे पांढरे कापड असे, कफन. परत येताना ते झमझमच्या पाण्यात भिजवून आणायचे आणि वाटेतच बोलावणे आले तर तिथेच कामी यायचे. मला या कापडापुढे थांबावेसे वाटते. बाकी सगळ्यांची बॅग 'परत येईन' म्हणत होती. ही माणसे 'नाही आलो तरी चालेल' अशी तयारी करून, कर्जे फेडून, लोकांची क्षमा मागून निघत. मुंबईहून बोटीने हजला जाणे १९९५ साली थांबले, मग सगळे विमानाने. बोटीचे ते महिने माझ्या पिढीपर्यंत होते.

१९१३ च्या उन्हाळ्यात भीमराव आंबेडकर अमेरिकेला निघाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. इथे शास्त्राचा प्रश्न नव्हता. ज्यांना गावच्या विहिरीवर जाऊ दिले नाही त्यांना समुद्राच्या पाण्याने बाटवणार कोण? पण प्रश्न विचारला गेलाच, या वेळी करारनाम्यावर : शिक्षण झाल्यावर परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. ते गेले, शिकले, न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून हजारोंनी पुस्तके घेतली. १९१७ मध्ये परतताना स्वतः एका बोटीने आले आणि सामान दुसरीकडून येत होते. महायुद्ध चालू होते. ती सामानाची बोट टॉर्पेडोने बुडाली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले, तेच बडोद्याला जायच्या खर्चाला कामी आले. कराराप्रमाणे ते बडोद्याला हजर झाले. तिथे या विद्वानाला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, ते उघडकीस आल्यावर लोक काठ्या घेऊन आले. 'परत ये' म्हणून लेखी घेणाऱ्यांच्या गावात परत आलेल्याला जागा नव्हती. वर्गात हा धडा शिकवताना माझा आवाज नेहमी जड व्हायचा आणि मुले गप्प व्हायची.

पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक ठिकाणी पासपोर्ट लागतच नसे, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही. युद्धात सरकारांना माणसांवर नजर ठेवायची सवय लागली आणि युद्ध संपले तरी ती गेली नाही. आपल्याकडे पासपोर्टचा कायदा १९२० साली आला. म्हणजे जातीचा मुखिया जरा बाजूला झाला आणि त्याच्या जागी सरकारी शिक्का आला. इकडे सामानाचेही एक शास्त्र झाले. बोटीवर मोठ्या ट्रंका तळघरात जात, त्यांवर 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज' असे लेबल. वाटेत लागणाऱ्या सामानाला 'वॉन्टेड'चे आणि खोलीत ठेवायच्या सामानाला 'केबिन'चे. आजची 'चेक-इन' आणि 'केबिन' बॅग ही त्याचीच नातवंडे.

८ जून १९४८ ला एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेले. वाटेत लागणारे आठवडे दिवसांवर आले, पण ट्रंकेवर संक्रांत आली. साध्या वर्गाला ४४ पौंड, म्हणजे २० किलो. बोटीत काय नेऊ याचा विचार करणारा माणूस आता काय ठेवून जाऊ याचा विचार करू लागला. लोक मग ओव्हरकोट अंगावर चढवून, खिशात पुस्तके कोंबून विमानतळावर जात. मेच्या उकाड्यात मुंबईला ओव्हरकोट! पण तो वजनात धरत नसत ना.

याच काळात विचारणारा आणखी एक आला, तो म्हणजे परकीय चलन. देशाकडे डॉलर-पौंड मोजके. त्यामुळे परदेशाचे तिकीट काढायलाही 'पी फॉर्म' मंजूर व्हावा लागे. तिकडे खर्च कोण करणार याची हमी लागे. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेला निघालेल्यांच्या तोंडी 'आठ डॉलर' आणि विलायतेला निघालेल्यांच्या तोंडी 'तीन पौंड' हा मंत्र असे. तेवढेच नेता येत. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर पावणेपाचावरून साडेसात रुपयांना झाला, म्हणजे आठ डॉलरचे झाले साठ रुपये. आमचे धाकटे काका १९६८ साली शिकायला गेले ते असेच आठ डॉलर खिशात घालून. पैसे नेता येत नाहीत म्हणून आजीने बाकी सगळे भरले. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लोणच्याची बरणी फडक्यात, त्यावर मेणकापड, त्यावर आजोबांचे जुने धोतर. देवघरातला छोटा गणपतीही दिला. काकांना ते सगळे लागणार होते का? थोडेफार. पण आजी मसाल्याच्या पुड्या बांधत होती त्या काकांच्या जिभेला बांधून ठेवण्यासाठी. जीभ इकडची राहिली तर मुलगा इकडचा राहील. हनुमंतरावांचे काचघर आणि आजीचे मेतकूट, मला यात फारसा फरक दिसत नाही. (काका तिकडेच राहिले. गणपती मात्र अजून त्यांच्या देवघरात आहे. तेव्हा आजी निम्मी जिंकली म्हणायची.)

आता आक्काचे सांगते. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिने नर्सिंगचा कोर्स केला होता. त्या काळी इंग्लंडच्या इस्पितळांत परदेशी नर्सेस घेत असत. १९६७ साली तिला तिकडच्या एका इस्पितळाचे बोलावणे आले. पगारातून तिने एक नवी ट्रंक आणली, पत्र्याची, हिरव्या रंगाची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. लोकरीचा स्वेटर स्वतः विणला. मी तेव्हा शाळेत होते, मला त्या ट्रंकेत बसून पाहायची भारी हौस. मग एका संध्याकाळी आजोबांनी तिला समोर बसवून विचारले, "परत येशील ना?" आक्का जरा थांबली आणि म्हणाली, "आत्ताच कसं सांगू, आजोबा?"

संपले. कोणी रागावले नाही, आवाज चढला नाही. पण तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. "हो" म्हणाली असती तर गेली असती, असे आई पुढे कितीदा म्हणायची. आक्का म्हणते, "खोटं कशाला बोलायचं होतं?" तिने इकडच्याच इस्पितळात पस्तीस वर्षे नोकरी केली, लग्न झाले, संसार उत्तम केला. ट्रंकेत गोधड्या राहिल्या. ती कुरकुरणारी नव्हे. मी मात्र इतिहास शिकवताना 'निर्बंध' हा शब्द आला की मला ती हिरवी ट्रंक दिसायची.

योगायोग असा की त्याच वर्षी, एप्रिल १९६७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. सतवंतसिंग साहनी नावाच्या व्यापाऱ्याला सरकारने पासपोर्ट परत करायला सांगितले होते. पासपोर्ट देणे-न देणे सरकारच्या मर्जीवर, असेच तोवर चालत आले होते. न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की परदेशी जाणे हा माणसाच्या व्यक्तिगत स्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय तो अडवता येणार नाही. म्हणून सरकारला त्याच वर्षी नवा पासपोर्ट कायदा करावा लागला. शेकडो वर्षे जी मेहेरबानी होती, तिचा हक्क झाला. फक्त तो घराघरांतल्या आजोबांपर्यंत पोचायला आणखी काही वर्षे लागली.

पुढचे बदल आपल्या डोळ्यांसमोरचे आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. जुन्या पासपोर्टला जोडीदार असे ते देवीच्या लशीचे प्रमाणपत्र. ते नसले तर विमानतळावर अडवत. १९८० च्या मे महिन्यात देवी रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले आणि ते इतिहासजमा झाले. सुटकेसला चाके लावण्याचे पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ साली मिळाले. म्हणजे माणूस आधी चंद्रावर गेला आणि मग बॅगेला चाके आली! दोन चाकांवर उभी ओढायची बॅग तर रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने १९८७ मध्ये केली. चाकांचा फायदा कोणाला झाला असेल तर आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना आणि एकट्या बायकांना. हमाल किंवा पुरुषमाणूस बरोबर असलाच पाहिजे ही अट चाकांनी काढून टाकली. १० ऑगस्ट २००६ ला लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीला आला आणि तेव्हापासून केबिन बॅगेतल्या बाटल्यांना शंभर मिलिलिटरची मर्यादा आली. लोणच्याच्या तेलाचाही संशय येऊ लागला.

पण सगळ्यात मोठा बदल चलनाचा. १९९१ नंतर दारे उघडत गेली. १ जून २००० पासून जुना कडक चलन कायदा जाऊन 'फेमा' आला, आणि २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशी योजना आणली की सामान्य माणसाला वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर नेता यावेत. २०१५ मध्ये ती मर्यादा अडीच लाख झाली. आठ डॉलरवरून अडीच लाख! आकडा आपल्याला वापरायचा नसतो, पण त्याचा अर्थ मोठा आहे. हनुमंतराव आणि रंगो बापूजी धन्याच्या कामासाठी गेले, आनंदीबाई, गांधी, आंबेडकर शिक्षणासाठी, हाजी धर्मासाठी, काका पोटासाठी. 'सहज, बघायला' हे कारण आपल्याकडे राजेरजवाड्यांनाच शोभत असे. सामान्य पेन्शनर माणूस मौजेसाठी परदेशी जातो आणि कोणी भुवई उंचावत नाही, हे परवानगीच्या इतिहासातले शेवटचे पान आहे, आणि ते फार जुने नाही.

मग प्रश्न संपला का? नाही हो. युरोपच्या व्हिसासाठी आम्ही काय काय जोडले बघा : परतीच्या विमानाचे आरक्षण, बँकेचा खातेउतारा, पेन्शनचा कागद, घराची कागदपत्रे, तीस हजार युरोंचा विमा आणि एक पत्र, की सहल संपल्यावर आम्ही भारतात परत येऊ. भाचा ते पत्र वाचून दाखवत होता. आक्काने चष्मा वर केला आणि म्हणाली, "म्हणजे अजून तेच विचारतात होय?" मग स्वतःच हसून म्हणाली, "लिही बाबा, येते म्हणून. ऐंशीव्या वर्षी आता खरंच सांगता येतं."

प्रश्न विचारणाऱ्याची जागा बदलली आहे, हे मात्र ध्यानात घ्या. पूर्वी आपली माणसे विचारत, कारण त्यांना माणूस गमावण्याची भीती होती. आता परके विचारतात, कारण त्यांना माणूस राहण्याची भीती आहे. माझ्या मते घरच्यांनी हा प्रश्न सोडून दिला ही चांगली गोष्ट झाली. ज्याला यायचे तो येतो, ज्याला राहायचे तो राहतो, आणि मेतकूट दोघांनाही लागते. म्हणून हसणाऱ्या सुनांनो, आमच्या तेवीस किलोंत चकल्या, थालीपिठाची भाजणी आणि औषधांच्या चिठ्ठ्या असणारच. फक्त आता त्या धर्मासाठी नाहीत, भुकेसाठी आहेत. तेवढा फरक पडायला आपल्याला सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ लागला.

जाता जाता एक विनंती. तुमच्या माळ्यावर लेबल चिकटवलेली जुनी ट्रंक असेल, कपाटात लशीची जुनी पुस्तिका, पी फॉर्मची प्रत, आजोबांचा रद्द झालेला पासपोर्ट असेल, तर दिवाळीच्या सफाईत भंगारवाल्याला देऊ नका. आणि घरातल्या ज्या बाईने ट्रंक भरली पण जी गेली नाही, तिला एकदा विचारून घ्या की त्या ट्रंकेत काय काय होते. आमची आक्का सांगताना अर्धा तास बोलत होती, स्वेटरच्या टाक्यांसकट. तुमच्याकडचे काही असेल तर मला जरूर लिहून पाठवा. आम्ही पंधरा दिवसांनी परत येतो, मग सावकाश वाचीन.